'अंगण' नावाची गाणी

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आत्या, बाबा गेले." एवढंच म्हणाली. मी आधी पुण्याला नातेवाइकांना कळवलं, मग डॉक्टरांचा दाखला, मग गाडी... मी एकामागून एक कामं उरकत गेले. रडू आलं ते फार नंतर.

अरुणदादा माझा थोरला भाऊ. केंद्र सरकारच्या नोकरीतली सगळी वर्षं त्याने दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. तिथला शेजार साऱ्या राज्यांचा, आणि त्यातूनच त्याची गाणी ऐकायची बैठक सुरू झाली. निवृत्तीनंतर ती त्याच्या नोएडाच्या हॉलमध्ये आली. महिन्यातल्या एका रविवारी एक शीर्षक ठरायचं, 'वाट', 'दिवा', असं काहीही, आणि प्रत्येकाने त्या नावाचं गाणं आणायचं. कुणाचं भजन, कुणाची गझल, कुणाच्या नातवाच्या मोबाइलमधलं रॅप... भाषा कुठलीही चाले. गायक कोण ते आधी सांगायचं नाही. "कोण गातंय ते कळलं की आपण आधीच मान डोलवायला लागतो," दादा म्हणायचा. कोण काय आणणार याची यादी माझ्याकडे, नाहीतर चौघं तेच गाणं घेऊन यायचे. आणखी एक नियम होता : आपल्या घरातल्या माणसाचं गाणं आणायचं नाही. एकदा कुणीतरी मुलाचं आणलं होतं आणि सगळ्यांना तासभर कौतुक करत बसावं लागलं होतं.

मुक्ता दादाची एकुलती एक मुलगी. गुरुग्रामला आयटीत नोकरी आणि मित्रांबरोबर बँड. त्यांचा पहिला अल्बम निघाला, 'अंगण'; त्यातल्या पहिल्या गाण्याचं नावही तेच. जोरदार गिटार, त्याहून जोरदार ड्रम. त्याच महिन्यात दादाने बैठकीला 'अंगण' ठेवलं. मुक्ता हौसेने आली. जात्यावरच्या ओव्या झाल्या, एक जुनं भावगीत झालं, शेजारच्या मेनन अंकलचं मल्याळी गाणं झालं. तिचं वाजलंच नाही. ती जेवायलाही थांबली नाही. "बाबांना माझ्या गाण्याची लाज वाटते," फोनवर मला म्हणाली. मी दादाला ते सांगितलं, तर तो चकितच झाला. "अगं, पण नियम आहे ना!" त्याला खरंच एवढंच वाटत होतं.

त्यानंतर ती सणावाराला यायची, बैठकीला नाही. गाण्याचा विषय तर दोघांनीही काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात दादाची तब्येत ढासळली. एक दिवस म्हणाला, "या वेळी 'अंगण' ठेवू."

"झालंय ते, दादा."

"अर्धंच झालंय. मुक्ताचं गाणं तू आण. तुझं घर वेगळं, नियम मोडत नाही."

मी मुक्ताला दटावूनच घेऊन आले. गाणं वाजलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मेनन अंकल म्हणाले, "ड्रम बहुत है यार, बोल दब गए."

दादा उशीवरून ताडकन उठून बसला. "दबे नहीं, दबाए हैं! दूसरा अंतरा सुनिए, वहाँ सब रुक जाता है, सिर्फ आवाज़ बचती है. ये सारा शोर उसी के लिए है." मग अल्बममधल्या बाकीच्या गाण्यांवरही बोलत सुटला. सगळा अल्बम त्याला पाठ होता. मुक्ता दारातून हलली नाही.

लोक गेल्यावर ती त्याच्याजवळ बसली. "बाबा, बोल थोडे दबलेत पण."

"दबलेत थोडे," दादा म्हणाला. "ते मेननला कशाला सांगायचं?"

दोघं खोकला येईपर्यंत हसली.

दादाची एक सवय सांगायची राहिली. गाणं संपलं की तो डोळे मिटूनच बसायचा आणि कुणी लगेच बोललेलं त्याला खपायचं नाही. मग डोळे उघडून म्हणायचा, "हं, बोला आता." दादा गेल्यानंतरची पहिली बैठक मागच्या रविवारी मुक्तानेच बोलावली. पहिलं गाणं संपलं. एरवी सगळ्यांच्या आधी बोलणारे मेनन अंकलही गप्प. पंखा फिरत राहिला. आम्ही कशाची वाट पाहतोय ते हळूहळू प्रत्येकाच्या लक्षात येत होतं...

"हं," मुक्ता म्हणाली, "बोला आता."