मांडवातलं जातं

माझ्या लग्नाची हळद दळायचा दिवस उजाडला आणि मला कोण आनंद झाला! नवरीने खाली मान घालून बसायचं असतं म्हणे. माझ्याच्याने ते झालं नाही. इंझोरीच्या आमच्या घरात मी सकाळपासून अंगणभर बागडत होते. कारंज्याच्या बाजारातून आणलेली हळकुंडं कुटून सुपात ठेवली होती, मांडवाला आंब्याचे डहाळे लागले होते.

एकच काटा सलत होता. जात्यात हळदीची पहिली वैरण, म्हणजे पहिली मूठ, घालून दळायला बसायचं ते नवरीच्या आईने, अशी आमच्या घरची रीत. आणि आईचा उजवा गुडघा वाकत नव्हता. थोडा दुमडे, की तिथंच अडे. जबरदस्ती केली की तिच्या डोळ्यांत पाणी. निर्गुडीचा शेक झाला, बिब्बा झाला, नवस झाला. गुडघा काही बधला नाही. जात्यावर बसणं तर कधीचंच सुटलं होतं. घरचं सगळं दळण माझ्या गळ्यात पडलं होतं.

"वयनी, तुमाले बसता येत नाई. मले दळू द्या," आत्या म्हणाली. वडिलांची ही बहीण मनाने वाईट नव्हती, पण पदर खोचून तयारच होती. आईचा चेहरा उतरला. एकुलत्या लेकीची हळद दुसरीने दळायची! मला आत्याचा असा राग आला म्हणता!

तेवढ्यात गड्यांनी घरातलं जातं उचलून आणलं आणि मांडवात मधोमध मांडलं. खुंट्याला सूत बांधलं, सुपारी बांधली. आई खांबाला धरून बघत होती. एकदम ओरडली, "अवं, इथं भिंत कुठी हाये?"

कुणाला काही कळेना. जात्यावर बसताना एक पाय दुमडायचा, एक लांब सोडायचा. घरातलं जातं कोपऱ्यात, उजव्या अंगाला भिंत, त्या बाजूचा पाय सोडायला जागाच नाही. म्हणून आमच्याकडे दुमडायचा तो कायम उजवाच. इथे तर चारी बाजू मोकळ्या! आईने जवळच्या दोघींच्या खांद्यांवर भार टाकला, पाटावर टेकली, उजवा पाय सरळ सोडला, डावा दुमडला आणि वैरण घालून खुंटा धरला. जातं घरघरलं. मी टाळ्या पिटल्या. नवरी, आणि टाळ्या!

आईने तिथल्या तिथे ओवी रचली: "गुडघा रुसला बाई, जसा जावई मांडवात, हळद लेकीची पाहून आला बाई रंगात." सगळ्यांच्या आधी आत्याच हसली आणि समोर बसून तिनेही खुंट्याला हात लावला.

हळद सरली. "उठा आता," आत्या म्हणाली.

"कायले? जवारी आणा."

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, तर जातं माजघराच्या मधोमध. वडील त्याला ठेचकाळत, कुरकुरत. पण ते सरकवायची कुणाची छाती नव्हती. सवयीने मी दळायला पुढे झाले. आईने माझा हात बाजूला केला. "तू बस. पाव्हनी हायेस," म्हणाली, आणि पाय लांब सोडून माझ्या भाकरीसाठी दळायला बसली.