तेवीस किलोमीटरचा फाटा

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तोंडावरसुद्धा. ती रागवायची नाही. लॅब म्हणजे कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, आणि ती त्या साच्यावर मेणात एकेक दात बसवते. कवळी तयार झाली की हातातल्या छोट्या फिरत्या मशीनवर ती घासून गुळगुळीत करते. वीस वर्षं आमची टेबलं शेजारीशेजारी. या वीस वर्षांत ती सलग अर्धा तास खुर्चीत बसलेली मी पाहिलेली नाही. वरचे पुढचे सहा दात बसवले की उठून खिडकीशी. खालचे बसवले की उठून पाणी प्यायला. मालक म्हणायचे, "अहो, कवळी पेशंटला लावायची आहे, तुम्ही कुठं चावायला निघालात?"

तिच्या हाताला मात्र तोड नव्हती. आणि कानालाही. मशीनचा आवाज जरा पातळ झाला की ती दुसऱ्या टोकावरून ओरडायची, "बंद कर, बेअरिंग गेलंय त्याचं!" आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. दुरुस्तीवाला यायचा, खोलायचा आणि मान हलवायचा.

सुट्टीचा दिवस तिला खायला उठायचा. नवरा सिटी बसचा ड्रायव्हर. आठवडाभर गाडी हाकून आलेला माणूस, सुट्टीला पलंगावरून खाली पाय ठेवायला तयार नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरातली कामं भिंगरी नऊच्या आत उरकायची आणि मग या खोलीतून त्या खोलीत फिरत बसायची. शेवटी नवराच एकदा वैतागून म्हणाला, "जा बाई, कुठंतरी जाऊन ये. तुझ्याकडे बघून मला दमायला होतं."

ती स्टेशनवर गेली आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीत बसली. त्याला आता अकरा वर्षं झाली. गाडीत ती बसू शकते, कारण गाडी बसत नाही, असं तिचं म्हणणं. शनिवार-रविवारचा एक स्वस्त पास मिळतो. थांबत थांबत जाणाऱ्या पॅसेंजर गाड्यांना चालतो, एक्सप्रेसला नाही. पण दोन दिवसांत कितीही चढा, कितीही उतरा. डब्यात उकडलेली अंडी आणि पाव, पाण्याच्या दोन बाटल्या, झोपायला वेटिंग रूमचा बाक. अशी जमेल तेव्हा हिंडून तिनं नकाशावरचे सगळे मार्ग पुरे केले होते. स्वयंपाकघराच्या दारामागे तो नकाशा चिकटवलेला, आणि जिथून जाऊन आली ती रेघ लाल पेन्सिलीनं रंगवलेली. एकच फाटा पांढरा राहिला होता. तेवीस किलोमीटरचा, पार दुसऱ्या टोकाला.

त्या फाट्यावरची गाडी रविवारनंतर कायमची बंद होणार, अशी नोटीस तिनं बुधवारी वाचली. तशीच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"शेवटची गाडी रविवारी दुपारी चार दहाला. मी जातेय."

"ताई, दोन दिवस लागतील नुसतं पोचायला."

"दीडच. मी काढलंय सगळं." ऑर्डरच्या चिठ्ठीच्या पाठीवर तिनं गाड्या मांडल्या होत्या. पाच गाड्या, चार ठिकाणी बदल, एका ठिकाणी मध्ये फक्त नऊ मिनिटं. परत यायला रात्रीच्या एक्सप्रेसचा जनरल डबा.

शनिवारी पहाटे ती निघाली. नऊ मिनिटांच्या बदलापाशीच घोळ झाला. पहिली गाडी सहा मिनिटं उशिरा. भिंगरी अर्ध्या तासापासून दारात उभी होती, जशी काही तिच्या उभं राहण्यानं गाडी जोरात जाणार होती. उतरून पुलावरून धावताना डाव्या चपलेचा पट्टा तुटला. चप्पल हातात घेऊन तिनं पुढची गाडी पकडली. मग पर्समधून दात साफ करायच्या धाग्याची डबी काढली आणि पट्टा बांधून टाकला. आमच्या धंद्यातल्या बायकांकडे तो धागा असतोच. समोरची एक म्हातारी कौतुकानं बघत होती. भिंगरीनं तिला उरलेली डबी देऊन टाकली.

रविवारी साडेबारा वाजता तिनं जंक्शनवरून शेवटून दुसरी गाडी धरली. ही तीन चाळीसला फाट्याच्या तोंडाशी पोचणार होती. तिसरा डबा, चाकाच्या अगदी वरची जागा. तिथं हादरे बसतात म्हणून कोणी बसत नाही, आणि म्हणूनच ती तिथं बसते. समोर एक तरुण नर्स होती, मांडीवर युनिफॉर्मची पिशवी. "चार वाजताची ड्यूटी आहे. आधीची बाई सकाळपासून एकटी आहे वॉर्डात," असं तिनं बसताबसताच सांगितलं आणि डोळे मिटले.

तीन वाजत आले. मग भिंगरीला तो आवाज आला.

अगदी बारीक, वर चढत जाणारा. रुळांच्या खडखडाटाखाली लपलेला. तिनं तो लगेच ओळखला, कारण असा आवाज ती लॅबमध्ये ऐकायची, फक्त तो तिच्या मुठीत मावणाऱ्या मशीनमधून यायचा. ती उठली. पुढच्या डब्यात जाऊन चाकाच्या वर उभी राहिली. तिथं आवाज नाही. परत आली, आवाज आहे. मागच्या डब्यात गेली, तिथंही नाही. परत बसली, परत उठली.

"काय हरवलंय का?" नर्सनं एक डोळा उघडून विचारलं.

"तुम्हाला आवाज येतोय?"

"गाडीचा येतोय."

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. भिंगरीनं त्याला सांगितलं की खाली चाकाचं बेअरिंग खराब होत चाललंय. त्यानं आधी तिचा पास पाहिला, मग तिच्याकडे.

"बाई, गाडी म्हटल्यावर आवाज येणारच. नवीन बसताय का गाडीत?"

एरवी तिनं त्याला धरून बसवला असता आणि अकरा वर्षांचा हिशेब सांगितला असता. पण ती गप्प बसली. आणि का गप्प बसली, हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला बरं वाटलं होतं. सांगायचं ते सांगून झालं, ऐकलं नाही तो त्याचा प्रश्न. चाळीस मिनिटं राहिली होती. चाळीस मिनिटं बेअरिंग तग धरेल. चार दहाची गाडी मिळेल. नकाशा पुरा होईल.

"मी मनात चक्क म्हटलं गं, की टिक रे बाबा, तेवढं टिक," ती म्हणाली. "गाडीत शंभर माणसं बसलेली आणि मी चाकाला मस्का लावतेय."

पाच मिनिटं तिनं काढली. घड्याळ पाहिलं, बाहेर पाहिलं, नर्सची पिशवी पाहिली. मग खिडकीतून वास आला, जळक्या ग्रीसचा. आता तिच्यानं राहवेना. पुढचं स्टेशन लहानसं होतं, गाडी तिथं दोन मिनिटं थांबायची. गाडी पुरती थांबायच्या आत तिनं प्लॅटफॉर्मवर उडी टाकली आणि शेवटच्या डब्याकडे पळत सुटली. धागा बांधलेली चप्पल केव्हा निसटली, तिला कळलंही नाही.

गार्ड हिरवा झेंडा उघडत होता.

"थांबा! तिसऱ्या डब्याचं चाक तापलंय!"

"तुम्ही कोण?"

"मी कवळ्या करते."

गार्डनं तिच्या एका अनवाणी पायाकडे, मग तोंडाकडे पाहिलं. "काय करता?"

"दातांच्या कवळ्या! ते सोडा हो, तुम्ही चला, नुसता वास घ्या. काही नसेल तर मला इथंच सोडून जा."

पुढं ती म्हणायची, त्या माणसाचे उपकार आहेत, त्यानं तिला वेड्यात काढलं नाही. हिरवा झेंडा गुंडाळून त्यानं लाल काढला आणि तिच्याबरोबर चालत आला. चाकाच्या आसाच्या टोकाशी बेअरिंगची जी लोखंडी पेटी असते, तिच्यापाशी तो वाकला आणि झटकन मागे सरकला. स्टेशनमास्तर पाण्याचा तांब्या घेऊन आले. चार थेंब टाकले तर ते चर्रकन उडाले.

"कुणीही आत बसायचं नाही!" स्टेशनमास्तर ओरडले. "हा डबा पुढे जाणार नाही. पुढं सगळा उतार आहे."

मग जे व्हायचं ते झालं. तिसरा डबा रिकामा करून बाजूच्या रुळावर काढायचा, मागचे डबे पुन्हा जोडायचे. इंजिन एकच, माणसं चार. लोक प्लॅटफॉर्मवर उन्हात उभे. कुणी बातमी पसरवली की एका बाईनं गाडी अडवली. लोक तिच्याकडे असे बघू लागले, जशी काही तिनंच चाक तापवलं. नर्स तरातरा चालत आली.

"तुम्हाला काय करायचं होतं हो? पोचलो असतो आपण! ती बिचारी सकाळपासून एकटी आहे तिकडं!"

भिंगरीलाही तेच वाटत होतं. तिनं नर्सचा हात धरला आणि तिला तिसऱ्या डब्यापाशी नेलं. तोवर बराच वेळ गेला होता, तरी पेटीपासून वीतभर लांब तळहात धरला तर धग लागत होती. नर्सनं हात तसाच धरून ठेवला, ताप बघतात तसा. मग म्हणाली, "आणि आपण याच्यावर बसलो होतो?"

"बरोब्बर याच्यावर."

नर्सनं फोन काढून वॉर्डात कळवलं. मग कुठूनशी भिंगरीची चप्पल शोधून आणली.

आपली चार दहाची गाडी चुकणार, असं ती गार्डला म्हणाली होती; त्यानंच स्टेशनमास्तरांना फाट्याचं सांगितलं असावं. त्यांनी भिंगरीला खोलीत बोलावलं आणि तिच्यासमोर फोन लावला. चार दहाची गाडी थोडी थांबवाल का, एक प्रवासी आहे. पलीकडून म्हणाले, बघतो. भिंगरी खोलीतल्या खोलीत येरझारा घालत राहिली. शेवटी स्टेशनमास्तर हात जोडून म्हणाले, "ताई, जरा बसा हो, माझाच जीव खालीवर होतोय." साडेचारला उलटा फोन आला. वीस मिनिटं थांबवली होती. त्यापुढं ड्रायव्हरची ड्यूटी संपत होती. गाडी गेली.

ती फाट्याच्या तोंडाशी पोचली तेव्हा सहा वाजायला आले होते. दोन नंबरचा प्लॅटफॉर्म मोकळा होता. सफाईवाला कागदाच्या पताका झाडून गोळा करत होता. शेवटची गाडी म्हणून कुणीतरी लावल्या असतील. रूळ सरळ जाऊन पाण्याच्या टाकीच्या मागे वळत होते. तिनं वळणापर्यंत पाहिलं आणि मग ती रडली. "त्या लोकांसाठी नाही," ती मला म्हणाली. "खोटं कशाला सांगू? माझ्या गाडीसाठी रडले. दुपारी गप्प बसले असते तर, हेच डोक्यात."

तिथूनच तिनं नवऱ्याला फोन केला. सगळं सांगून झालं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय." मग म्हणाला, "माझ्या बसचा ब्रेक एकदा जरा ढिला वाटला होता. मी एक फेरी जास्त मारली. काही झालं नाही. पण अजून मला त्या फेरीची स्वप्नं पडतात. तुला पडणार नाहीत. ये घरी."

सोमवारी ती अकरा वाजता लॅबमध्ये हजर होती आणि साडेअकरापर्यंत तीनदा उठली होती. दोन महिन्यांनी रेल्वेचं पत्र आलं, जबानीसाठी. बक्षीस वगैरे काही नव्हतं. कारकुनानं तीन पानं लिहून घेतली. बेअरिंगचा पार चुरा झाला होता, असं त्यानंच सांगितलं. अजून दहा-बारा किलोमीटर टिकलं असतं, जास्तीत जास्त. भिंगरी म्हणते, ते ऐकल्यावर पहिल्यांदाच तिनं आपणहून खुर्ची मागितली.

फाट्यावर आता बस धावते. मागच्या महिन्यात नवऱ्यानं दोन दिवस रजा टाकली आणि म्हणाला, चल. रस्ता बराचसा रुळांना लागूनच आहे. ती खिडकीशी उभी राहिली, जागा रिकामी असून. रुळांवर तांबूस गंज चढला होता, मधल्या एका स्टेशनच्या बाकावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. नवरा शेजारी बसून प्रत्येक वळणाला पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता.

"काय करताय?" तिनं विचारलं.

"हा फार जोरात घेतो वळणं."

"मग जाऊन सांगा त्याला."

"मी कोण सांगणार?"

तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो उठला, दांडी धरत धरत पुढं गेला आणि ड्रायव्हरच्या मागे वाकून काहीतरी म्हणाला. बस हळू झाली.