आतलं खाली बसू द्या

कोणतंही पाकीट हातात आलं की सर ते आधी टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकायचे. टक, टक. मग म्हणायचे, "आतलं खाली बसू द्या, भाऊ. मंग फाडा."

वरची कड फाडताना आतलं पत्र फाटू नये म्हणून जुन्या माणसांना ही सवय असते, तुम्हीही पाहिली असेल. पण सर पाकीट रिकामं असलं तरी ठोकायचे. एकदा आमच्या घरी आले असताना त्यांनी माझ्या संग्रहातलं, प्लॅस्टिकमध्ये जपून निजवलेलं, चारही कोपरे सुईसारखे असलेलं एक पाकीट उचललं आणि टीपॉयवर ठोकलं. मी असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं?"

"कोपरा!" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "तुमी चहा घ्या, सर. यांचं असंच हाये," ती म्हणाली आणि आत गेली.

मी पाकिटं जमवतो. हे सांगताना अजूनही माझा आवाज थोडा खाली येतो. एखाद्या स्पर्धेच्या किंवा समारंभाच्या निमित्तानं चित्र छापलेलं पाकीट निघतं, त्यावर तिकीट लागतं, त्या दिवसाचा खास शिक्का बसतो. त्याला विशेष आवरण म्हणतात. मला फक्त खेळांची आवरणं हवी असतात. क्रिकेटची पैसेवाल्यांनी कधीच उचलली होती. हॉकी आणि कुस्तीच्या मागेही बरेच लोक होते. मग मी असा खेळ शोधला ज्याच्या वाटेला कुणी जात नाही, आणि बेसबॉलवर येऊन थांबलो. बेसबॉलची आवरणं जमवणाऱ्यांत आज अमरावती जिल्ह्यात माझा पहिला नंबर आहे. दुसरा कुणी नाही.

पोटासाठी मी नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापड तपासतो. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि त्यातला तुटलेला धागा, गाठ, डाग शोधून तिथं लाल खूण करायची, हे माझं काम. खोट काढायचा पगार घेणारा माणूस घरी आल्यावर तरी गप्प बसेल, असं तुम्हाला वाटेल. माझ्या बायकोलाही लग्नाच्या वेळी तसंच वाटलं होतं.

सर अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. कुठल्याशा योजनेत शाळेला बेसबॉलचं सामान आलं. बॅटी, हातमोजे, तोंडाला लावायची जाळी. क्रीडाशिक्षकांनी हात वर केले. "चित्रकलेच्या तासाला पोरं तशीही मैदानावरच असतात," असं म्हणून मुख्याध्यापकांनी ते सामान सरांच्या गळ्यात घातलं. सरांनी नियमांचं पुस्तक वाचलं, मुलींचा संघ उभा केला, आणि जाळीचा मुखवटा घालून स्वतः बॅटवालीच्या मागे उकिडवे बसू लागले. गावातले लोक विचारायचे, "सर, हे काय खेळून राह्यले?" सर म्हणायचे, "क्रिकेटचा मोठा भाऊ हाये. घर सोडून गेलता, आता वापस आला."

मैदान ते स्वतः आखायचे. दोरी न लावता, मुठीत रांगोळी घेऊन, वाकून चालत. काळ्या मातीवर पांढरी रेघ अशी पडायची की मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेवटी जाऊन एक डोळा मिटून तपासली. खोट सापडली नाही. मला वाईटच वाटलं.

"पाह्यली का?" सर कमरेवर हात ठेवून म्हणाले. "माही रेघ म्हणजे दोरी."

आमची ओळख पोस्टाच्या रांगेतली. अमरावतीला शालेय स्पर्धा होती, तिचं आवरण निघणार होतं, म्हणून मी सकाळी आठ वाजता जाऊन पहिला उभा राहिलो होतो. रांगेत दुसरं कुणी येईना, तरी मी हललो नाही. शेवटी संघ घेऊन आलेले सर माझ्या मागे उभे राहिले. त्यांनी एक साधं पाकीट काढलं आणि भिंतीला टेकवून बॉलपेननं त्यावर चित्र काढलं: जाळी घातलेली एक मुलगी, उकिडवी बसून चेंडूची वाट पाहतेय. दहा-बारा रेघांत. तिकीट लावलं आणि शिक्का मारायला खिडकीत सरकवलं. मी हातातलं छापील आवरण पाहिलं, मग ते पाहिलं, आणि माझी लाळ गळायला लागली.

"विकता का, सर?"

"विकत काय घेता! पत्ता द्या, पाठवतो."

फुकट नको म्हटलं तर म्हणाले, एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे द्या. हाताने काढलेलं अस्सल चित्र, तेही बेसबॉलचं, आणि इतकं स्वस्त! त्या दिवशी मला मी फार हुशार माणूस वाटलो.

पुढं आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मला पाकीट कोरं, हातोहात, डाग न लागता हवं असायचं. सर ते पोस्टानंच पाठवणार. प्रवासात शिक्का नेमका चित्रातल्या पोरीच्या नाकावर बसायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. सर खूश. "लिफाफा हाये तं पोस्टातून गेलाच पाहिजे. घरी बसलेला लिफाफा म्हणजे मैदानात न उतरलेली पोरगी." मी म्हणालो, निदान मोबाईलवर फोटो तरी आधी पाठवा. तर म्हणाले, "जेवणाचा फोटो पाहून ढेकर येते का कधी?"

मग मी अट घातली की चित्र मुडपू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचा. सरांनी ती मानली. पहिली तीन पाकिटं नुसती झाकण खोचलेली होती. मी चिमट्यानं झाकण उचलून पाहिलं, आत पुठ्ठाच होता. चौथ्यापासून सर पाकिटं चिकटवून पाठवायला लागले. हाताला जाडी लागत होती. माणूस सुधारला, असं मी समजलो.

आता आमच्या जातीच्या लोकांचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. चिकटवलेलं पाकीट फोडायचं नाही. फोडलं की ते संग्रहातून उतरलं. माझ्याकडे अशी कितीतरी बंद पाकिटं आहेत. त्यांची लांबी, रुंदी, शिक्क्याचा व्यास मी तोंडपाठ सांगेन. आत काय आहे हे मला कुणी विचारलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

दुसरा नियम वडिलांचा. ते शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागांतला माल विकत घ्यायचे. म्हणायचे, "बागेत शिरलं का तोंड शिवून घ्याचं. चांगला म्हटला तं भाव वाढते, वाईट म्हटला तं मालक दुसऱ्याले देते." चित्रांच्या बाबतीत मी तो नियम पाळला. सरांना कधी छान म्हणालो नाही, न जाणो, अर्ध्या तिकिटाचं पूर्ण तिकीट झालं तर? आणि कधी नावही ठेवलं नाही.

नाव ठेवण्यासारखं पुढं बरंच येत गेलं. सहाव्या पाकिटावर पांढरी रेघ पहिल्या बेसकडे जाताना मध्येच झोल खाऊन गेली होती. आठव्यावर बॅट विळ्यासारखी वाकली होती. नवव्यावर पळणाऱ्या मुलीचं पाऊल तिच्या पायापासून बोटभर लांब पडलं होतं. माझ्या डोळ्यांना हे दिसणार नाही असं कसं होईल? पण मी आमच्या पाकीट जमवणाऱ्यांच्या मंडळात मिशीवर हात फिरवून सांगितलं की कलावंताची शैली आता बदलते आहे, ही पाकिटं पुढं दुर्मीळ होणार.

प्रत्येक पाकिटानंतर चार-पाच दिवसांनी सरांचा फोन यायचा.

"भेटलं का, भाऊ?"

"भेटलं."

"पाह्यलं का चांगलं?"

"पाह्यलं ना."

"मंग?"

"मंग काय, ठेवलं अल्बममध्ये."

"काही म्हणाचं नाही?"

"नाही, सर."

मग, "बरं बरं! मंग मी दुसरं घेतो हाती." आवाज असा, जणू त्यांच्या पोरींनी सामना मारला. माझ्या 'नाही'वर हा माणूस एवढा खूश का होतो, हे मला कळायचं नाही. पण स्वस्तात चित्र मिळत असताना फार विचार करू नये, हेही वडिलांनीच शिकवलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला कळायला आठवडा लागला. त्यांच्या संघातल्या एका जुन्या मुलीनं माझा नंबर शोधून निरोप दिला. मी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अकोल्याला गेलो, आणि खरं सांगतो, बडनेरा ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात एक विचार होता, की घरी एखादं पाकीट उरलं असेल का. स्वतःची लाज वाटते तेव्हा माणूस खिडकीबाहेर पाहतो. मीही पाहिलं.

सरांच्या पत्नी, काकू, पुढच्या खोलीत बसल्या होत्या. पाणी दिलं, मग उठून आतून एक पाकीट घेऊन आल्या. माझा पत्ता, तिकीट, चित्र. पिवळ्या गणवेशातली मुलगी घसरत घराच्या पाटीला, बेसबॉलात धाव पुरी होते त्या होम प्लेटला, पाय लावते आहे, आणि मैदानाच्या रेघा पाण्यात बुडवलेल्या दोऱ्यांसारख्या हलताहेत.

"तुमच्या नावाचं हाये. चिकटवाचं राह्यलं, अन् पोस्टात टाकाचं बी."

झाकण उघडं होतं. आत पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्याला लागून घडी केलेला कागद. मी तो काढला. सर बोलायचे तसंच लिहायचे.

"भाऊ, तेच तेच इचारतो म्हणून कंटाळले असान. डाक्टर म्हणते डोयाचा पडदा गेला, आता सुधरत नाही. मले सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट वाकडी, पंखा वाकडा. म्हणून समजत नाही का चित्रातली रेघ वाकडी आली का माहा डोयाच तशी दाखवते. घरच्यायले इचारलं तं म्हणते लय छान. पोरी म्हणते लय छान. हे सारे माह्यावर जीव लावणारे, यायचा काय भरोसा? तुमी कापडातली खोट काढता, तुमाले कोणाची भीड नाही. रेघ हालली असन तं फोनवर सांगजा. मी त्याच दिवशी ब्रश धुऊन ठेवतो. काही नाही म्हटलं तं समजतो का माही रेघ अजून दोरीच हाये."

मी ते दोनदा वाचलं. चौथ्या पाकिटापासून ते हेच विचारत होते, आणि मी पुठ्ठ्याची जाडी मोजत होतो.

काकू माझ्याकडे पाहत होत्या. "तुमचा फोन ठेवला का त्यायचा चेहरा पाहाचा होता. हात झाडत यायचे, म्हणायचे, कापडवाल्यानं पास केलं! मंग लगेच रंग कालवाले बसायचे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आमाले दिसत होतं ना, रेघ कशी चालली ते. तुमाले तं दिसतच असन. तरी तुमी एका शब्दानं बोलले नाही. लय केलं, भाऊ, तुमी."

इथं एखाद्या सरळ माणसानं सांगितलं असतं, की काकू, मी पत्रं वाचलीच नाहीत. मी मान हलवली. काकूंनी चहा टाकला, तोही प्यायलो.

परतीच्या गाडीत मी स्वतःला एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर लगेच आलं. चौथं पाकीट फोडलं असतं तर मी काय केलं असतं? भाव वाढेल या भीतीनं मी गप्प राहिलो होतो. पण खोट कुठं आहे असं कुणी थेट विचारलं तर मला राहवत नाही. भिंग घेऊन बसलो असतो, प्रत्येक खोट एकाखाली एक लिहिली असती आणि त्याच संध्याकाळी फोन केला असता, "सर, रेघ हालली." सरांनी ब्रश धुऊन ठेवला असता. पिवळ्या गणवेशातली ती मुलगी घरापर्यंत पोचलीच नसती. म्हणजे माझ्या हातून आयुष्यात एक बरं काम झालं, ते पत्र न वाचल्यामुळे. याचा अभिमान बाळगावा की तोंड लपवावं, हे मी अजून ठरवलेलं नाही. सरांची आठवण मात्र रोज येते, आणि फोन वाजला की आधी तोच आवाज ऐकू येईल असं वाटतं.

त्या रविवारी दुपारी मी अल्बम काढला. चौथ्यापासूनची सगळी बंद पाकिटं टीपॉयवर मांडली. कोपरे सुईसारखे. फोडलं की संग्रहातून उतरणार, हे मला ठाऊक होतं. मी चौथं पाकीट प्लॅस्टिकमधून काढलं, उभं धरलं आणि टीपॉयच्या कडेवर ठोकलं.

टक, टक.

कोपरा मुडपला. आत काहीतरी सरकून खाली बसलं.

आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुडपलेला कोपरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सरचं पत्र आलं."