कुत्रीचं डोहाळजेवण

वहिनीने आपल्या कुत्रीचं डोहाळजेवण करायचं ठरवलं तेव्हा मी फोनवर खो खो हसले. "हस तू," ती म्हणाली, "पण हिरवी साडी नेसून ये." आणि मी मुलुंडला तिच्या घरी खरंच हिरवी साडी नेसून गेले.

कुत्री पग जातीची. तोंडाला घड्या, डोळे बाहेर आलेले आणि नाक जवळजवळ नव्हतंच. घरात शिरलं की आधी तिचा श्वास ऐकू यायचा, मग ती दिसायची. भाऊ कौतुकाने म्हणायचा, "घोरते बघ, डिट्टो बाबा." आमचे बाबा गिरणीतून रात्रपाळी करून आले की असेच घोरायचे. घोरतोय म्हणजे माणूस सुखात आहे, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. कुत्रीच्या बाबतीतही तेच धरलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिच्या नाकपुड्या फार अरुंद आहेत, हिची पिल्लं काढू नका. वहिनीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. घाटकोपरच्या एका माणसाचा नर तिने रीलवर पाहिला होता. त्याचं नाक हिच्याहून चपटं. "पिल्लं कसली क्यूट होतील ना!" ती मला म्हणाली. माणसांच्या लग्नात नाकीडोळी नीटस स्थळ शोधणारी आमची माणसं इथे बिननाकाचं स्थळ शोधत होती.

ऐन मे महिना होता, कुत्रीचे दिवस भरत आले होते. हॉल बायकांनी भरलेला, कुत्रीच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा, अंगात हिरव्या खणाचं झबलं. ओवाळायची वेळ झाली तशी वहिनीच्या कोकणातल्या मावशीने पंखा बंद करायला लावला, निरांजन विझायला नको म्हणून. एसीचा झोतही ज्योतीवर येत होता, तोही बंद झाला. धुपाचा वास दाटला. एकेक सवाष्ण पुढे येऊन कुंकू लावू लागली आणि मला जाणवलं की कुत्रीच्या श्वासाचा आवाज बदललाय. घरघर बारीक होत होत शिट्टीसारखी झाली होती.

तिचं तोंड सताड उघडं होतं, ओठ मागे ओढले गेले होते. "बघ गो, कशी हसता ती!" मावशी म्हणाली. झालं, सगळ्यांनी मोबाइल काढले. त्या फोटोंत सगळेच हसतायत. मला मात्र ते हसू बघवेना.

"वहिनी, पंखा लाव."

"थांब गं जरा. ओवाळणं अर्धवट सोडायचं नसतं."

पेढ्याची एक आणि बर्फीची एक अशा दोन वाट्या झाकून कुत्रीसमोर ठेवल्या. ती जी हुंगेल त्यावरून नर की मादी ते ठरणार. ती वाट्यांकडे निघाली आणि मध्येच बसली. जीभ जांभळी पडत चालली होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी ओरडले, उठून पंखा फुल केला. निरांजन विझलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वाईट केलं होतं. तोवर कुत्री आडवी झाली होती.

रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. पिल्लांची डोकी इतकी मोठी होती की ती नाहीतरी आपसूक बाहेर आलीच नसती, असं डॉक्टर म्हणाले. पोट फाडून पिल्लं काढली, ती जगली. पण ऑपरेशनसाठी घशात घातलेली नळी काढल्यावर कुत्रीला पुन्हा स्वतःहून श्वास घेता आला नाही. वहिनी हातभर हिरव्या बांगड्या घालून तिथेच उभी होती. मला तिचा राग आला होता आणि तिच्याकडे बघून रडूही येत होतं.

वहिनीने ती पिल्लं ड्रॉपरने दूध पाजून वाढवली. सगळ्यांत लहान मादी आडवी निजली की गुदमरायची, तिला छातीशी उभी धरून वहिनी बसल्याबसल्या झोपायची. "ही माझ्याजवळच राहणार," ती म्हणायची. "हिला मी पिल्लं होऊ देणार नाही. आईसारखं नाही व्हायचं हिचं."

पिल्लं रांगायला लागल्यावर घाटकोपरचा तो माणूस आला. चपला बाहेर काढून आत आला, कुत्री गेल्याचं ऐकून मनापासून हळहळला. या व्यवहारात पहिलं पिल्लू नराचा मालक निवडतो, हे मला तेव्हा कळलं. त्याने एकेक पिल्लू उचलून तोंडावरून अंगठा फिरवला आणि शेवटी ती लहानी घेतली.

"ती सोडून कुठलंही न्या," वहिनी म्हणाली. "हवी तर सगळी न्या."

तो भावाकडे बघायला लागला. "शब्द दिलाय गं आपण," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला.

"टेन्शन नका घेऊ, भाभी," तो माणूस पिल्लाला कुरवाळत म्हणाला. "जिवापाड सांभाळीन. हिच्यासाठी नरसुद्धा बघून ठेवलाय. त्याचं नाक तर हिच्याहून आत आहे."