लंडन गावापेक्षा जवळ

आमच्या बाबांना विमानांचा भारी नाद. मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते, जन्मात विमानाची पायरी चढले नव्हते. पण अंधेरीतल्या आमच्या चाळीवरून विमान गेलं की भरल्या ताटावरून उठून गॅलरीत. कुठलं विमान कुठे किती तासांत पोचतं, हे कुणी न विचारता सांगणार. मला त्या बढाईचा तेव्हापासून तिटकारा आहे.

ताईला लंडनचं स्थळ आलं, तेव्हा आई नकोच म्हणत होती. पोरगी इतकी लांब कशाला द्यायची? बाबांनी तिला उडवूनच लावलं. "लांब? अगं, मालवणला एसटीने अख्खा दिवस आणि वर रात्र जाते. लंडन दहा-बारा तासांत. म्हणजे तुझ्या माहेरापेक्षा जवळ!"

"माका हिशेब शिकवू नकात," आई म्हणाली. "पयला बाळंतपण हयच होवक व्हया, ह्या कबूल करा."

बाबांनी कबूल केलं. तेही अशा ऐटीत, जसं काही विमान यांच्या बापाचं!

लग्न होऊन ताई लंडनला गेली आणि वर्षभरात तिला दिवस गेले. आई नुसती हरखली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणला, तेल लावायला बाई ठरवून ठेवली. ताईची सासू घाटकोपरला राहायची. ती येऊन ठणकावून गेली, "सातव्यात ओटी भरल्याशिवाय आमची सून माहेरी जात नाही. तिकडच्या ओळखीच्या बायका भरतील." रीत आमच्यातही तीच, त्यामुळे आईने ते मान्य केलं. बाबा म्हणाले, "भरू दे की! ओटी भरली की विमानात बसली, दुसऱ्या दिवशी अंधेरीत."

ओटी भरली, फुलांची वाडी झाली, आणि मग भावोजी तिकीट काढायला गेले. विमान कंपनीने आधी विचारलं, कितवा महिना? म्हणे डॉक्टरचा दाखला आणा. डॉक्टर दाखला देईना. झालं, वाट लागली! इतके महिने झालेल्या बाईला दाखल्याशिवाय विमानात घेत नाहीत, हे आमच्या घरच्या पंडिताला ठाऊकच नव्हतं. तास तेवढे तोंडपाठ. पोटुशी पोरगी त्यात बसणार कशी, हे कधी विचारावंसं वाटलं नाही. मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढे मुलगा झाल्याची तार आली. बाबांनी चाळभर पेढे वाटले. शेजारच्या काकू दारातून ओरडल्या, "आजी झालात हो!" आई भाकऱ्या थापत होती, तिने वर पाहिलं नाही. बाबांनी पेढा तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं.

"तेका पायार घेवन न्हाऊ कोण घालता, ता आधी सांगा."

 बाबांनी तो पेढा स्वतःच खाल्ला.