बावीस वह्या

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ उघड केलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. ज्यांच्याजवळ करायला हवी होती त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही – बहुधा म्हणूनच आज जमतंय.

आधी मी कोण ते सांगते. व्यसनमुक्ती केंद्रांत जे समुपदेशक काम करतात, वस्त्यांमध्ये आणि शाळांमध्ये जाऊन जे मुलांना दारू-तंबाखूपासून लांब ठेवायला धडपडतात, त्यांना मी शिकवते. पिणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, त्याच्या बायकोचं कसं ऐकून घ्यायचं, सोडून पुन्हा प्यायला तर काय करायचं. सव्वीस वर्षं हेच करतेय. पुण्यात या कामातल्या लोकांत नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी ते मलाच म्हणतायत हे कळतं. पूर्वी मला याचा अभिमान होता. आता भीती वाटते. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो नुसता वाजू देते. कार्यक्रमात कुणी हात जोडत जवळ आलं की मी आधी चेहरा निरखते – हा त्या बॅचचा तर नाही?

ती बॅच अकरा वर्षांपूर्वीची. कर्वेनगरात एका हॉलमध्ये सहा दिवसांचं शिबिर होतं. बावीस जण होते, सोलापूर, सातारा, लातूरकडचे, काही इथलेच. त्यांत येरवड्याची प्रज्ञा होती. तिचा मामा दारूपायी गेला होता, म्हणून समाजकार्याचं शिक्षण घेऊन ती या कामात आली होती. पहिल्या रांगेत बसायची आणि सगळं लिहून घ्यायची. माझे विनोदसुद्धा.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर कुणीतरी विचारलं – रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की हातपाय थरथरतात, तेव्हा घरच्यांनी काय करायचं?

खरं उत्तर मला माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय, आणि दर वेळी 'नीटसं नव्हतं' असं म्हणून सुटलेय. माहीत होतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ते करायचंच नसतं. मी वाचलेलं होतं. पण माझ्या भावानं घरातच सोडली होती, मी तीन दिवस त्याच्या उशाशी बसले होते, आणि तो सुखरूप उठला होता. मी पाहिलेलं मला पुस्तकाहून मोठं वाटायचं. शिवाय भूक लागली होती. शिवाय – खोटं कशाला बोलू – मला टाळी हवी होती.

मी म्हणाले, "तीन दिवस कडी लावून घरात बसवा. थरथरेल, रडेल, शिव्या देईल. डॉक्टरकडे न्या म्हणेल. नेऊ नका, तिथं गोळ्यांची चटक लागते. दारुड्याला डॉक्टर म्हणजे दुसरा गुत्ता!"

हॉल खदखदून हसला. तिरकस बोललेलं आपल्याकडे लोकांना फार आवडतं, आणि मला ते चांगलं जमतं. मी हसत हसत जेवायला गेले. मसालेभात होता.

पाच महिन्यांनी प्रज्ञाच्या केंद्रात अलका नावाची बाई आली. तिचा नवरा दिगंबर हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. सकाळची खेप संपली की त्याची दारू सुरू व्हायची. नोकरी जायची वेळ आली होती. आणि – हे मला सगळ्यांत जास्त टोचतं – त्याला स्वतःला सोडायची होती. कुणी ओढून आणलं नव्हतं त्याला. प्रज्ञानं अलकाला सांगितलं, तीन दिवस घरात ठेवा, दम धरा. दुसऱ्या दिवशी दुपारी अलकाचा फोन आला. भिंतीवर किडे चालताना दिसतात म्हणतोय, दवाखान्यात नेऊ का? प्रज्ञानं तिला थांबवलं. वही उघडून, माझं वाक्य पुन्हा वाचून थांबवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फिट आली, लागोपाठ दुसरी आली. रिक्षात घालून नेईपर्यंत तो गेला होता.

प्रज्ञाचं केंद्र चालवणाऱ्या संस्थेनं चौकशी ठेवली. समोर तिघं बसलो होतो – संस्थेचे संचालक, एक डॉक्टर आणि तज्ज्ञ म्हणून मी. हो, मी. प्रज्ञा वही घेऊन आली होती. तिनं ते पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. शब्दाला शब्द तसाच. मग म्हणाली, "मॅडमनी असंच सांगितलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ गेला असेल? चार-पाच सेकंद. तेवढ्यात माझ्या डोक्यात दिगंबर आला नाही, अलका आली नाही. पुढच्या महिन्यातली तीन शिबिरं आली.

"मी असं कशी म्हणेन?" मी म्हणाले. "मी सांगितलं होतं की दारुड्याला वाटतं, डॉक्टर म्हणजे दुसरा गुत्ता, म्हणून त्याला एकटं पाठवू नका, सोबत जा. घाईत अर्धंच लिहिलंय हिनं."

माझा आवाज अगदी शांत होता. समुपदेशकानं कसं बोलावं हे मी शिकवते ना, तसा. डॉक्टरांनी मान हलवली. संचालक म्हणाले, "हां, मग बरोबर आहे."

मला वाटलं, आता ही ओरडेल. एकवीस साक्षीदार आहेत म्हणेल, बोलवा त्यांना म्हणेल. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि म्हणाली, "असेल मॅडम. माझंच ऐकण्यात चुकलं असेल."

तिला ते खरंच वाटलं, की तिनं मला वाचवलं? मला अजून ठरवता येत नाही. दोन्हींतलं कुठलंही खरं निघालं तरी मला धडकीच भरते.

तिची नोकरी गेली. माझी शिबिरं चालू राहिली. आणि मी काय केलं असेल? दारू सोडवताना डॉक्टर का हवा, यावर मी संपूर्ण दिवसाचं सत्र तयार केलं. ते आज माझं सगळ्यांत नावाजलेलं सत्र आहे. त्यात मी उदाहरण देते – एका मुलीनं अर्धं ऐकलं आणि एक माणूस गेला, तेव्हा कान देऊन ऐका. नाव घेत नाही, तेवढी सभ्यता पाळते! लोकांच्या हातातली पेनं थांबतात. प्रज्ञाला मी अशी प्रत्येक बॅचपुढे उभी करत आलेय.

दोन वर्षांपूर्वी ती दिसली. येरवड्यात एका औषधाच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडे. "जय भीम मॅडम, बऱ्या आहात ना?" तिनं इतकंच विचारलं, अगदी मनापासून. मी औषध न घेताच बाहेर पडले.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, एवढीच गोष्ट. नाही. मी अजून मुद्द्यावर आलेले नाही – आडवळणं घेतेय, मला कळतंय. ते वाक्य एकट्या प्रज्ञानं थोडंच लिहून घेतलं होतं? एकवीस जण आणखी होते. ते सगळे हसले होते आणि हसता हसता लिहीत होते. दिगंबर गेला त्याच आठवड्यात मी त्या एकवीस जणांना फोन करायला हवे होते. मी चुकीचं सांगितलं, खोडा ते, कुणाला तसं सांगू नका – दोन मिनिटांचं काम होतं. पण तो फोन केला असता तर चौकशीत मी खोटं बोलले हे उघड झालं असतं. म्हणून नाही केला. अकरा वर्षं नाही केला. हजेरीचा कागद कपाटात होता, नंबरांसकट.

या वर्षी वाघोलीच्या एका कॉलेजात माझं सत्र होतं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, पण आमचे लातूरचे सर वेगळं सांगतात. ते म्हणतात, दारुड्याला डॉक्टर म्हणजे दुसरा गुत्ता!" वर्ग हसला. जिथं तेव्हा हॉल हसला होता, नेमका तिथंच. "हे चूक आहे," मी म्हणाले, "यानं माणूस मरतो." ते वाक्य कुणाचं, हे सांगितलं नाही.

घरी येऊन मी तो कागद काढला. पहिला फोन लातूरला केला. काय म्हणाले असेन? "नव्या सूचना आल्यात. दारू सोडवायची तर आधी डॉक्टरला दाखवायचं, हे सगळ्यांना कळवतेय." नव्या सूचना! ते म्हणाले, "बरं मॅडम, तसं सांगतो." मग पुढचा फोन, मग त्याच्या पुढचा. काही नंबर लागले नाहीत. काही जण म्हणाले, अहो, हे तर आम्ही केव्हापासूनच करतो. प्रत्येक वेळी मला इतकं हलकं वाटायचं की लाज वाटावी.

नववा फोन सोलापूरच्या रेखाचा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मागे कुकरची शिटी होत होती. मग तिनं विचारलं, "नव्या म्हणजे कधीपासूनच्या, मॅडम?"

"अलीकडच्याच."

"म्हणजे तुम्ही आम्हाला शिकवलं तेव्हा ते बरोबर होतं ना?"

"का गं?"

"आमच्याकडे एक जण गेला होता. तिसऱ्या दिवशी. मी समजत आले, घरच्यांनी दम धरला नाही, मध्येच कडी काढली म्हणून गेला. त्यांना तसं बोललेही होते मी. त्याच्या आईला."

मी खिडकीपाशी उभी होते. खाली सोसायटीचा वॉचमन पाण्याच्या टँकरला जागा करून देत होता. मला बोलायला पुरेसा वेळ होता. शब्दही समोर होते.

"हो," मी म्हणाले, "तेव्हा ते बरोबरच होतं."

तिनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं विचारलं, मॅडम."

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. प्रज्ञाचं सोडून कागदावर अजून बारा नावं आहेत. दहावा फोन मी केलेला नाही.