बांधावरचं ताट

पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचं एमएस्सी करायला गेले, तेव्हा गावाकडं हिर्डोशीत कुणाला ते नाव धड म्हणता येईना. आईनं सोपं करून टाकलं, "आकड्यांचं शिकती." वर्गात उलटी गत. माझ्या गावाचं नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. सगळे इंग्रजीत फटाफट बोलायचे. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. मेसमध्ये खिडकीकडं तोंड करून एकटीच जेवायचे. पुढं पुढं शेजारी कुणी येऊन बसलं तरी ताट उचलून उठायला लागले. रडायचे नाही हां! स्वतःला बजावायचे, आपली माणसं आहेत गावाकडं, ही गेली उडत.

म्हणून प्रबंधाला विषय घेतला तो घरचाच, सावड. भातलावणीला आमच्या आळीतली घरं एकमेकांच्या खाचरात उतरतात. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं, मजुरी कुणी कुणाला देत नाही. सर म्हणाले, प्रत्येक घराचा फॉर्म भरून आणा. मला आनंदच झाला. दोन वर्षांनी लावणीला घरी जायला मिळणार होतं.

भोरच्या एसटीतून उतरले ती फॉर्मचा टॅब प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट शेजारच्या काकूंच्या खाचरावर. सावडीची एक रीत आहे. बांधावर आलेलं माणूस आधी चिखलात उतरतं, रोपांची मूठ हातात घेतं, मग बोलतं. मला काय माहीत नव्हती? पाचवीपासून याच खाचरात वाकलेय मी. पण टॅब भिजेल, फॉर्म उरकायचेत, म्हणून बांधावरच बसले आणि वरूनच विचारायला लागले, "काकू, घरातली किती माणसं सावडीला? दिवसाला किती तास?" एरवी काकूंच्या तोंडाला टाळा म्हणून नसतो. त्या दिवशी वाकल्या वाकल्या नुसतं "तीन" आणि "आठ". मला अक्कल असती तर तेव्हाच कळलं असतं. मी आपली फॉर्म भरत सुटले.

दुपारी भाकरी आली. सगळ्यांनी हात धुऊन भाकरीवरच सुकटीची चटणी घेतली. काकूंनी मात्र सुनेला घरी पिटाळून माझ्यासाठी स्टीलचं ताट आणवलं. "आधी तिला वाढा गं."

गावात असं ताट तलाठ्याला मिळतं.

"काकू, मला कशाला ताट? हातावरच द्या की!"

"असू दे बाई. तुजं कपडं खराब व्हतील."

तसंच ताट खाली ठेवलं, सलवार खोचली आणि जेवणं आटोपून बाया उतरल्या तशी त्यांच्यात उतरले. पण कंबर आणि हात दोन्ही विसरलेले. माझी ओळ मागं पडली, लावलेली रोपं पाण्यावर तरंगायला लागली. काकू गुपचूप माझ्या ओळीत आल्या आणि एकेक रोप परत खोचत गेल्या. पूर्वी असलं काही दिसलं की "डोळं फुटलं का गं तुजं!" म्हणून आख्ख्या शिवारात ऐकू जाईल असं ओरडायच्या. मी त्या ओरडण्याची वाट बघत राहिले.

संध्याकाळी शेवटचा फॉर्म राहिला तो आमच्याच घराचा. आई चुलीपुढं पाय शेकत बसली होती. मी उगाच मोठ्यानं विचारलं, "आपल्या घरातून सावडीला किती माणसं?"

"दोन. मी आन तुजा बा."

"आणि मी? आज उतरले की!"

आईनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. "तू कशाला गं आता चिखलात? सरांपुढं खोटं नको. दोनच लिही."

मी दोन लिहिलं.